किरकोळ सामान

दोस्तांनो, हळहळसुद्धा इस्टेटीसारखी असते. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच वाट्याला ती येते.

आयर्लंडमधल्या जळालेल्या वाड्यांविषयी मी वाचत होतो. कॉर्क परगण्यातलं मिचेल्सटाउन कॅसल घ्या. किंग्स्टनच्या अर्लांचा हा वाडा 1820 च्या दशकात बांधला. 12 ऑगस्ट 1922 ला, यादवी युद्धात, ब्रिटिशांशी झालेला तह न मानणाऱ्या प्रजासत्ताकवाल्यांनी तो पेटवला. चित्रं, चांदी, फर्निचर, काही आधीच लुटलं गेलं, उरलं ते जळालं. 1920 ते 1923 मधे असे सुमारे 275 वाडे गेले. शंभर वर्षं उलटली, तरी रसिकांचे उसासे चालूच आहेत. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर होतं, झुंबर केवढं होतं! अरे, हे यांना कळतं कसं? कारण सामानाच्या याद्या होत्या. 1923 साली भरपाईचा कायदा झाला. मालक वकील घेऊन कोर्टात गेले. वाड्याचे दगडसुद्धा वाया गेले नाहीत, वॉटरफर्डच्या मठाला लागले.

आता मी विचारतो, ही चांदी आली कुठनं? कुळांच्या खंडातनं. 1845 पासून बटाट्याचं पीक सडत गेलं, दहा लाखांवर माणसं उपासानं आणि रोगानं मेली. त्याच काळात खंड थकला म्हणून कुळांना हुसकलं जायचं, छप्पर खाली ओढलं जायचं. पुन्हा आत शिरू नयेत म्हणून! पुढं 1887 साली याच मिचेल्सटाउनला कुळांनी खंडबंदीचा लढा धरला. 9 सप्टेंबरला सभा भरली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, तीन माणसं मेली. त्या रस्त्यावर फेकलेल्या सामानाची यादी कुणी केली? त्यात बटाटे उकडायचं भांडं होतं का, पाळणा होता का? कुणाला ठाऊक!

मला हे वाचून आमची वस्ती आठवली. नामांतराच्या दंगलीत, 1978 च्या पावसाळ्यात, ती पेटवली गेली. मी तेव्हा पोरगा. नंतर पंचनामा झाला. कागदावर आलं: झोपडी एक, किरकोळ सामान. बस्स. माझी आई मरेपर्यंत ती यादी तोंडानं म्हणायची. जातं. उतरंड. चार गोधडी. माहेरची पितळी घागर. थोरल्या भावाचा मॅट्रिकचा दाखला. बाबासाहेबांचा फोटो. बापाची हलगी. याला किरकोळ म्हणणारा तू कोण रे?

काही पोरं म्हणतील, वाडे जळाले ते बरंच झालं. मला त्यांचा संताप कळतो. पण थांबा. त्याच उन्हाळ्यात, 30 जून 1922 ला, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सच्या लढाईत सरकारी दप्तरखाना उडाला. 1821 ते 1851 च्या शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात खाक झाले. म्हणजे दुष्काळाच्या आधी कुठल्या झोपडीत कोण राहत होतं आणि नंतर कोण उरलं, तेच जळालं! जमीनदारांची नावं खापरपणज्यापर्यंत शाबूत राहिली. ती सनदांत होती, थडग्यांवर होती, घराण्याच्या चोपड्यांत होती. गरिबाचं नाव त्या एका वहीत होतं. आग दोघांनाही लागते. राखेतनं उठतो तो ज्याची दुसरी प्रत असते तो.

1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तकं घेऊन येणारी बोट टॉर्पेडोनं बुडवली. आयुष्यभराची हौस समुद्राच्या तळाला गेली. या माणसानं पुन्हा एकेक पुस्तक गोळा केलं आणि त्यांच्यासाठी राजगृह बांधलं.

तेव्हा मित्रांनो, भाषणं चार कमी करा. वस्तीत जा. जिचं घर जळालं त्या म्हातारीजवळ बसा, काय काय गेलं ते विचारा. ती म्हणंल, 'सोड की बाबा, काय व्हतं आमच्याकडं?' सोडू नका. जात्यापासनं सुरू करा. लिहा. प्रती काढा. एक तिच्या घरी, एक तुमच्याकडं, एक दुसऱ्या गावी ठेवा.

पुढच्या वेळी कुणी किरकोळ सामान म्हणालं, तर त्याच्या टेबलावर ती यादी आपटा. जयभीम.