शंभर एमबीपीएस कुणाचे?

आपल्या मराठवाड्यात दोन गोष्टींची चर्चा बारमाही चालते. एक पाण्याची, दुसरी नेटची. नांदेडचं हॉस्टेल असो की लातूरचं, रात्री दहानंतर कुठल्याही कॉरिडॉरमधून चक्कर मारा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "नेट लई स्लो चालायलंय बे!" मग कुणी कंपनीला शिव्या घालतो, कुणी रेक्टर सरांना, कुणी शेजारच्या रूममध्ये पिक्चर डाउनलोड करणाऱ्याला. पण आपण नेमकं काय विकत घेतलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. आपण भावी इंजिनीअर! निदान आपण तरी विचारायला पाहिजे.

खरं तर लातूरकरांना बँडविड्थ समजवायला पुस्तक लागूच नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर. पाणी भरपूर, पण पोचायला सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. ठरावीक वेळात किती माल येतो ती बँडविड्थ, आणि मागितल्यावर पहिला थेंब यायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

पटत नसेल तर हा हिशेब करून बघा. १ टेराबाइटची हार्ड डिस्क पिशवीत टाकून नांदेडहून लातूरच्या एस.टी.त बसा. प्रवास ४ तासांचा धरा. ८ लाख कोटी बिट भागिले १४,४०० सेकंद, म्हणजे आपल्या लालपरीची बँडविड्थ झाली साधारण ५५५ एमबीपीएस! पण त्या एस.टी.वरून व्हिडिओ इंटरव्ह्यू द्या म्हटलं तर? "टेल मी अबाउट युवरसेल्फ" हा प्रश्न यायला ४ तास आणि उत्तर जायला ४ तास. म्हणून नुसता एमबीपीएसचा आकडा बघून कनेक्शन घेणं म्हणजे नवरदेवाची फक्त उंची बघून लग्न ठरवण्यासारखं आहे.

आता जाहिरातीतला शंभराचा आकडा घ्या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. ८ ने भागा, उरले साडेबारा मेगाबाइट. हे झालं एकट्याने वापरलं तर. ३०० पोरांच्या हॉस्टेलमध्ये रात्री २०० जण एकदम ऑनलाइन असले, तर वाट्याला येतो प्रत्येकी अर्धा एमबीपीएस. आपल्या देशात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०१३ मध्ये ते ५१२ केबीपीएस झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे आपला अर्धा एमबीपीएस २०१३ च्या व्याख्येतसुद्धा १२ केबीपीएसने नापास! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

यात कंपनी खोटं बोलते असंही नाही. एकच लाइन अनेकांत वाटून विकणं हा या धंद्याचा रिवाजच आहे. ट्रायने २००९ साली सूचना काढल्या, त्यात घरगुती ग्राहकांसाठी ५० जणांत १ आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी ३० जणांत १ असं प्रमाण धरलं होतं. सगळे एकाच वेळी तोटी उघडत नाहीत, हा त्यामागचा अंदाज. घरगुती वस्तीत तो चालून जातो. पण हॉस्टेलमध्ये सगळ्यांचं जेवण एका वेळी, सबमिशन एका वेळी आणि नेटसुद्धा एका वेळी! म्हणून घरगुती प्लॅन हॉस्टेलला लावणं हे मूळ दुखणं आहे.

वेबसाइटच्या होस्टिंगचंही तसंच. होस्टिंगवाले महिन्याला अमुक जीबी 'बँडविड्थ' देतो म्हणतात. प्रत्यक्षात तो महिन्याचा एकूण कोटा असतो, पाइपाची रुंदी नव्हे. समजा निकालाचं पान २ मेगाबाइटचं आहे आणि १,००० जणांनी ते उघडलं, तर लागले फक्त २ जीबी. कोट्यात आरामात बसतं. पण तेच १,००० जण एकाच मिनिटात आले तर सुमारे २६७ एमबीपीएसची लाइन लागते. महिनाभर झोपा काढणारी साइट नेमकी निकालाच्या दिवशी का झोपते, त्याचं एक कारण हे.

मग कनेक्शन घेताना विचारायचं काय? माझ्या मते कंपनीला पाच प्रश्न कागदावर द्यावेत आणि उत्तरंही कागदावरच घ्यावीत. लाइन वाटून दिलेली आहे की फक्त आपल्यासाठी? अपलोड किती? (इंटरव्ह्यूत आपला चेहरा पलीकडे अपलोडवरच जातो.) ठरलेला डेटा संपल्यावर स्पीड किती उरतो? रात्री दहाला लेटन्सी किती असते? आणि जेसीबीने रस्ता खोदताना केबल तुटली तर माणूस किती तासांत येणार? शेवटचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा! कुणी बॅकअप म्हणून दोन कंपन्यांच्या लाइनी घेतो आणि दोन्ही केबली येतात एकाच खांबावरून. खांब पडला की दोन्ही बंद. बॅकअप घ्यायचा तर वाटसुद्धा वेगळी पाहिजे.

कंपनीला दोष देण्याआधी आपलं घरही तपासावं. लॅपटॉपला थेट केबल लावून स्पीड मोजा. केबलवर ठीक आणि वायफायवर रडगाणं असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा नाही, कॉरिडॉरमधल्या राउटरचा आहे. एका राउटरवर ६० फोन लटकवले तर तो बिचारा काय करणार?

काही जण म्हणतील, "एवढी भानगड कशाला? मोबाइलमध्ये रोजचा डेटा असतोच की." असतो, ज्याला परवडतो त्याला. नेट अडलं की पैसेवाला स्वतःच्या हॉटस्पॉटवर जातो आणि त्याचं काम होतं. ज्याच्या घरून महिन्याचे मोजके पैसे येतात, ज्याच्या बापाचं सोयाबीन पावसाने गेलं, त्याला मात्र महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म शेवटच्या तारखेला याच वायफायवर भरायचा असतो, कॅम्पसची ऑनलाइन टेस्ट इथूनच द्यायची असते. हॉस्टेलचं नेट ही त्याच्यासाठी चैन नाही, पाण्याच्या टाकीसारखी गरज आहे. आणि टाकीवर जो आधी मोटर लावेल त्याचं पाणी, हा न्याय आपण पाण्याला लावत नाही, मग नेटला का लावायचा?

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली, व्हिडिओच्या साइट बंद करण्याऐवजी रात्री ८ ते १२ प्रत्येकाला सारखा वाटा मिळेल अशी मर्यादा राउटरवर घालावी. बंदीने एनपीटीईएलची लेक्चरंसुद्धा बंद पडतात, वाट्याने फक्त हावरटपणा बंद पडतो. पिक्चरवाल्यांनो, रागावू नका, पहाटे चारला सगळा पाइप तुमचाच आहे!

दुसरी, लाइन किती भरते याचा आठवड्याचा आलेख मेसच्या नोटीस बोर्डवर लागावा आणि नवीन करार करताना हॉस्टेलचे दोन विद्यार्थी कमिटीत असावेत. रेक्टर सर, सिस्टिम अ‍ॅडमिन सर, यात तुमच्यावर अविश्वास नाही. आलेख समोर असला की भांडण कुणाशी करायचं ते तरी कळेल. आणि लाइन खरंच अपुरी असेल, तर मॅनेजमेंटकडे जास्त पैसे मागायला तोच कागद तुमच्याही उपयोगाला येईल.