कोळंबीच्या नावावर बिल

मे २०२४ मध्ये ‘रेड लॉब्स्टर’ या सीफूड हॉटेलांच्या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अमेरिकेतली जुनी गिऱ्हाइकं हळहळली. वाढदिवस, पदवीदान, रविवारी चर्चनंतरचं जेवण. कृष्णवर्णीय कुटुंबांचा तर या हॉटेलांवर विशेष जीव. खापर फुटलं ते वीस डॉलरांत हवी तेवढी कोळंबी देणाऱ्या योजनेवर. खादाडांनी हॉटेल बुडवलं, ही गोष्ट सांगायला मजेदार खरी! पण २०१४ मध्ये नव्या मालकांनी पायाखालच्या जमिनीच दीड अब्ज डॉलरला विकल्या आणि स्वतःच्याच जागेत हॉटेलं भाडेकरू झाली, त्याचं काय? पुढे तर कोळंबी पुरवणारी कंपनीच मालकांत आली. बंद शाखांतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा बोली लावणाऱ्यांत हळहळणारेही असतील. आम्हाला त्यात वावगं वाटत नाही.