नदी वाचवायला आमची ना नाही, पण वही कोणाच्या घरात राहणार?



मागच्या बैठकीत पिंजाळच्या काठच्या पाड्यांनी एक प्रश्न आणला होता. नदी वाचवणारी शहरातली एक संस्था आपल्या भागात तीन वर्षं काम करते आहे. तिचे 'नदी स्वयंसेवक' म्हणजे आपलीच पोरं-पोरी, त्यातली काही संघटनेची पावती फाडलेली. मग संघटनेच्या माणसाने तिथे काम करावं का सोडावं? बैठकीत आवाज चढले. कोणी म्हणालं, पोरं टी-शर्टवर विकली गेली. कोणी म्हणालं, पोरांना गावात राहून चार पैसे मिळतात तर तुमच्या पोटात का दुखतं. शेवटी जेवणाची वेळ झाली आणि विषय तसाच राहिला.

ती विकली गेलेली पोरं म्हणजे आम्ही. दोन पाड्यांतले सहा जण, त्यात दोन पोरी. बैठकीत मोठ्या माणसांपुढे आम्हाला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी हे सांगू की आम्ही गेलो कशाला. बारावी झाली की आपल्या पोरांपुढे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर वीटभट्टीवर, नाहीतर वाडा-बोईसरच्या कंपनीत ठेकेदाराकडे, नाहीतर खाली वैतरणेच्या खाडीत रेतीला. संस्थेची ताई पाड्यात आली आणि म्हणाली, तुमच्याच नदीचं काम तुमच्याच गावात राहून करा, महिन्याला मानधन देऊ. आम्हाला ते बरं वाटलं. यात लाजायचं काय आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आणि काम खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी भात कापणी झाल्यावर ओढ्यांवर वनराई बंधारे घातले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात रेती-माती, तोंड सुतळीने शिवायचं आणि विटांसारख्या रचायच्या. तीन घातले. एक पंधरा दिवसांत फुटला, कारण आम्ही खालचा थर खडकापर्यंत नेला नव्हता. दुसरा गळत राहिला. तिसऱ्यात मात्र होळीपर्यंत पाणी होतं. त्या पाड्याच्या बाया दरवर्षी संक्रांतीनंतर नदीत झिरा खणून वाटी-वाटीने हंडा भरतात. त्या वर्षी त्यांना दीड महिना उशिरा झिरा खणावा लागला. दीड महिना म्हणजे काय ते ज्याने रात्री दोनला झिऱ्यावर नंबर लावला आहे त्याने सांगावं. आम्ही डोहाची खोली मापायला शिकलो, पाण्याची बाटली भरून तपासायला शिकलो, नकाशावर आपला पाडा शोधायला शिकलो. जीपीएसचं यंत्र हातात धरून हद्द चालायला शिकलो. शाळेत बारा वर्षांत आम्हाला आपल्या गावाचा नकाशा कोणी दाखवला नव्हता.

पण त्या बंधाऱ्यावर पाड्यातली चाळीस माणसं तीन दिवस राबली, ते 'श्रमदान' म्हणून लिहिलं गेलं. आता रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ मध्ये झाला आणि देशासाठी २००५ मध्ये. काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पाणी अडवणं हे त्याच कायद्यातलं पहिलं काम. म्हणजे ज्याची मजुरी सरकारने द्यायला पाहिजे ते आपण फुकट करून दिलं, आणि अहवालात छापलं गेलं की संस्थेने तीन बंधारे बांधले. श्रमदानाला आमचा विरोध नाही. आपल्यात घर शाकारायला, लग्नाचा मांडव घालायला सगळा पाडा जातो, कोणी पैसे मागत नाही. पण तिथे ज्याचं घर असतं तो पण राबतो आणि जेवण घालतो. इथे शहरातून आलेले साहेब लोक दोन-दोन गोण्या उचलून फोटो काढून गेले. गाडी मुक्कामाला पण थांबली नाही.

कचऱ्याचं पण असंच. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याचे लोक आपल्या धबधब्यांवर येतात, बाटल्या आणि थर्माकोलच्या पत्रावळी टाकून जातात. आम्ही त्या चौदा गोण्या भरल्या. बॅनर धरून फोटो झाला. नंतर त्या गोण्या न्यायच्या कुठे हे कोणी ठरवलंच नव्हतं. दोन महिने शाळेच्या मागे पडून राहिल्या, कुत्र्यांनी फाडल्या, शेवटी गुरुजींनी पेटवल्या. हसू येतं, पण त्यात राबलो आम्हीच.

दुसऱ्या वर्षी मासेबंदी आली. मोठ्या डोहात मासा अंडी घालतो म्हणून तिथे 'मासेमारीस सक्त मनाई' असा पत्र्याचा बोर्ड लावायचा. बोर्ड आम्हीच रंगवला. कोणाला विचारलं होतं? नाही. त्या डोहावर आपल्या बाया झोळी लावतात आणि खालच्या वाडीतल्या कातकऱ्यांचं तर अर्धं वर्ष त्याच्यावर चालतं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न वापरायचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. आम्ही तो कायदा संघटनेच्या शिबिरात शिकलो होतो आणि तरी ब्रश हातात घेतला.

इथे आपली पण चूक बोलली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. डोहातला मासा कमी झाला हे खरं आहे. काही पोरं ब्लिचिंग पावडर टाकतात, कोणी जिलेटिन फोडतात. पहिल्या पावसात वळगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी पण आपण सोडत नाही. आपले म्हातारे सोडायचे, असं तेच सांगतात, आता किती सोडायचे ते त्यांनाच ठाऊक. बोर्ड लागल्यावर एका म्हातारीने आम्हाला विचारलं, "मासा वाचवायचा तं ब्लिचिंगवाल्याला धरा ना. झोळीवालीला कशाला धरतां?" तिला आम्ही काही उत्तर देऊ शकलो नाही. पुढे त्याच पाड्याने बसून ठरवलं, पावसाचे पहिले पंधरा दिवस डोह बंद, ब्लिचिंग टाकेल त्याला दंड, बाकी वर्षभर झोळी चालू. बोर्ड अजून आहे. त्यावर आता गोठ्याचं दावं बांधतात.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावरून बैठकीत भांडण झालं.

तिसऱ्या वर्षी संस्थेने 'नदीकाठ पाहणी' काढली. एक छापील तक्ता, प्रत्येकाला दोन किलोमीटरचा काठ. झाडं किती, काठ कुठे ढासळला, गुरं पाण्यावर कुठे उतरतात, असे रकाने होते. शेवटचे रकाने होते, काठालगत शेती, कुटुंबप्रमुखाचं नाव, अंतर, आणि 'अतिक्रमणाचा प्रकार'. आम्ही भरलं. जीपीएसचे आकडे टाकून, स्वच्छ अक्षरात. आमच्यातल्या एकाने स्वतःच्या बापाचं नाव लिहिलं. त्या रकान्याचा अर्थ तेव्हा डोक्यात गेलाच नाही. तक्ता भरायचा म्हणून भरला.

काठावरचे हे तुकडे काय आहेत ते आपल्याला माहीत आहे. आजोबाच्या काळापासून तिथे नाचणी-वरई आणि थोडा भात होतो. कागदावर ती जमीन जंगल खात्याची. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा म्हणून आपण दावे टाकले, पंचनामे केले, म्हाताऱ्यांचे जबाब जोडले. काही दावे गुंठ्यांत मंजूर झाले, काही उपविभागावर पडून आहेत, काही परत आले. पावसाळ्याच्या तोंडावर जंगल खात्याचा माणूस पाड्यात आला. त्याच्या हातात झेरॉक्स होती. त्यात आमचं अक्षर होतं. या यादीतल्यांनी या वर्षी नांगर घालायचा नाही, संस्थेनेच अतिक्रमण दाखवलं आहे, असं त्याचं म्हणणं.

त्या रात्री ज्याने बापाचं नाव लिहिलं तो घरी जेवला नाही.

नांगर घातला गेला. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कायद्याचं पुस्तक काढून कलम ४(५) वाचून दाखवलं, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातून काढता येत नाही. तो माणूस परत गेला. पण पुस्तक जवळ नसतं तर? आणि पुढच्या सुनावणीत हीच यादी आपल्या विरोधात लावली तर?

आम्ही संस्थेच्या कचेरीत गेलो. ताईला वाईट वाटलं, हे आम्ही मान्य करतो. ती आमच्या घरात नाचणीची भाकर खाल्लेली बाई आहे, कपटी नाही. तिने सांगितलं की आम्ही यादी कोणाला दिली नाही, अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो, कोणीतरी काढून घेतला असेल. वरच्या साहेबांनी पुढच्या तक्त्यात 'अतिक्रमण' हा शब्द काढून 'काठावरील शेती' असं केलं. आमच्या मते प्रश्न शब्दाचा नाहीच. पाड्याची माहिती पाड्याला न विचारता बाहेर गेली, आणि ती नेणारे हात आमचे होते.

दुसरं असं, की त्या तक्त्यात खाली रेती काढणाऱ्या सक्शन पंपांना रकानाच नव्हता. पेसा कायदा १९९६ चा. त्याने अनुसूचित क्षेत्रात रेतीसारख्या गौण खनिजाला ग्रामसभेची नाहीतर पंचायतीची शिफारस आधी लागते. ती शिफारस कोणी, कधी दिली, हे कोणी विचारलं नाही. वरच्या अंगाला धरणांचं तर नावच नाही. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पाच्या कागदात भूगड, खारगीहिल आणि पिंजाळ अशी तीन धरणं आहेत, बोगदे आहेत आणि पाणी मुंबईला न्यायचं आहे. तानसा धरण १८९२ मध्ये झालं, तेव्हापासून आपल्या डोंगरांचं पाणी पाइपातून तिकडे जातं आणि आपल्या बाया झिरा खणतात. आम्ही एकदा प्रशिक्षणात विचारलं, पिंजाळवर धरण झालं तर आपण लावलेली झाडं कुठे जातील? साहेब म्हणाले, तो राजकीय विषय आहे, आपण नदीपुरतं बोलू. धरणाखाली बुडणारी ती नदी नाही तर काय आहे, हे आम्हाला बारावीच्या भूगोलात तरी शिकवलं नाही.

ते का बोलत नाहीत याचा अंदाज आम्हाला आहे. कंपन्यांच्या नवीन कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. संस्थेचा पैसा बराचसा तिथून येतो, टी-शर्टच्या पाठीवर नावं छापलेली असतात. ज्याचं नाव पाठीवर आहे त्याच्या पोटात दुखेल असं तोंडाने कसं बोलणार? गाय पाण्यावर उतरते ते मोजणं सोपं पडतं.

मग सोडावं का? मोठ्या कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे की सोडा, आजच राजीनामे द्या. आम्हाला ते पटत नाही. आम्ही सोडलं तर उद्या दुसऱ्या तालुक्यातली पोरं येतील. त्यांना कोणता तुकडा कोणाचा आणि कोणाचा दावा पडून आहे हे काहीच माहीत नसेल, ते डोळे झाकून तक्ता भरतील. शिवाय शिकलेलं परत टाकता येत नाही. आपल्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जो नकाशा जोडला आहे, त्याची हद्द आम्हीच संस्थेत शिकलेल्या पद्धतीने चाललो. ते यंत्र मागून आणलं होतं, हे पण सांगून टाकतो.

आमचं म्हणणं असं की काम करावं, पण मालक बदलून. कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, पाणलोट आणि पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. त्यासाठी नियम ४ प्रमाणे ग्रामसभेने आपली समिती करायची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव अभ्यास गट करून आणि सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेत होतं. आपल्या पाड्यांत अशी समिती कागदावर आहे. तिने पहिलं काम हे घ्यावं. संस्था येऊ दे, शिकवू दे, गोण्या देऊ दे. पण कोणती पाहणी करायची ते ग्रामसभेत आधी वाचून दाखवायचं. माणसाचं नाव तक्त्यात येणार नाही. वहीची मूळ प्रत पाड्यात राहील, संस्थेला लागेल ती नक्कल ठराव करून मिळेल. बंधाऱ्याचं काम रोजगार हमीत मागायचं आणि संस्थेने अंदाजपत्रक करायला मदत करायची, तेवढं त्यांना चांगलं येतं. आणि पंप मोजायचे. त्यांच्या तक्त्यात रकाना नसेल तर आम्ही हाताने रेघ मारून घेऊ.

संस्था हे मानेल का? मानलं नाही तर त्यांचं नदीप्रेम किती खोल आहे ते समजेल, मग सोडायला आम्हाला एक दिवस लागणार नाही. मानधन जाईल. आमच्यातल्या दोन घरांत तेच रोकड आहे, म्हणून हे आम्ही सहज लिहीत नाही.

या महिन्याच्या ग्रामसभेत आमच्या दोन पाड्यांचा ठराव येणार आहे. काठच्या इतर पाड्यांत ज्यांनी असा तक्ता भरला असेल त्यांनी त्याची प्रत शोधून बैठकीला आणावी. नाव लिहिलं म्हणून कोणी लपून बसू नये, आमची पण लिहिलेली आहेत. ज्यांचे दावे उपविभागावर पडून आहेत त्यांनी पोचपावती बरोबर ठेवावी. आणि कोणाकडे जाड कोरी वही असेल तर आणा, पाड्याची पाण्याची वही नवीन करायची आहे. पहिल्या पानावर झिऱ्यांची नावं लिहायला बायांना बोलावलं आहे.