मोकळ्या कोंबडीचं दाणा-पाणी
या आठवड्यात चाळीसगावजवळच्या एका लिंबाच्या बागेत पंधरा-वीस गावठी कोंबड्या पाचोळा उकरताना दिसल्या आणि पाय थबकले. पुढे तुरेबाज कोंबडा, मागे सगळी वरात! वाळवी, अळ्या, तणाचं बी, सगळं पोटात; बदल्यात झाडांना खत. पण खुराडं एकाच जागी राहिलं तर तीच विष्ठा जमीन जाळते, पावसात ओढ्यात उतरते; म्हणून बागेचे आप्पा ते दोन दिवसांनी सरकवतात. पिंजऱ्यात जन्म काढणाऱ्या कोंबडीपेक्षा हे जिणं शंभर पटींनी चांगलं. तरी ‘मोकळी म्हणजे सुरक्षित’ हे मला मुळीच मान्य नाही. आपल्याच खानदेशात, नवापुरात, 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला; 2021 मध्ये तो तिथंच पुन्हा आला. 2006 मध्ये मोठ्या शेडांबरोबर अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या, बायकांच्या हक्काच्या अंडी-पैशासकट. रानपाखरांची विष्ठा पाण्यात पडली की मोकळ्या कोंबडीला धोका असतोच. तेव्हा आप्पा, दिवसा खुशाल चरू द्या, पण दाणा-पाणी छपराखालीच ठेवा, तळ्याकाठी सोडू नका, बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आणि मरतुक दिसली तर मेलेली कोंबडी शिजवू नका, उकिरड्यावरही टाकू नका. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात कळवा.