पट्ट्याची नोंदवही

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या सहा मजली इमारतीच्या बाहेरील भिंतींना रंग देण्याचें काम चाललें होतें. दुपारच्या सुटींत एक रंगारी आमच्याकडे पाणी मागावयास आला. खांदे, छाती व मांड्या यांभोंवतीं बांधावयाचा पट्टा, ज्यास हे कारागीर सेफ्टी बेल्ट म्हणतात, तो त्यानें उतरवून दाराशीं ठेवला. आमच्या काकूंचा जन्म शिवणकामांत गेलेला. त्यांनीं सहज तो पट्टा उचलला, बोटांत वांकवून पाहिला आणि म्हणाल्या, "अरे बाबा, ही शिवण सुटली आहे रे! कांठहि चिरला आहे."

"काकू, दोन वर्षें हाच वापरतों," रंगारी हंसून म्हणाला. मुकादमास विचारलें, तेव्हां "रोज पाहतों, साहेब" असें उत्तर मिळालें. तें लिहून कोठें ठेवलें आहे, या प्रश्नास मात्र उत्तर नव्हतें.

वाचकांस वाटेल, एवढ्याशा चिरेचें काय तें! परंतु ब्रिटनमध्यें सरकारी सुरक्षा-खात्याच्या चाचण्यांत, कांठास अवघी १ मिलिमीटर चीर पडली असतां पट्ट्याचें बळ शेंकडा ५ पासून ४० पर्यंत घटल्याचें आढळलें. हे पट्टे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. ऊन, रसायनें, ठिणग्या व सिमेंटची कचकच यांनीं त्यांचा धागा झिजतो, आणि पुष्कळदां वरून तें चटकन् दिसत नाहीं.

म्हणून तपासणी डोळ्यांनीं व हातांनीं, दोहोंनीं करावयाची. पट्टा तसूतसूनें हातांतून सरकवावा, वांकवून कांठ पाहावे व प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवावें. बकलें व कड्या गंजलेल्या वा वांकलेल्या नाहींत ना, हूक आपोआप घट्ट मिटतो ना, हें पाहावें. पडतांना उसवून धक्का सोसणारी घडी दोरास जोडलेली असते. ती थोडीहि उघडली असल्यास, अथवा पट्ट्यानें एकदां पडत्या माणसास झेललें असल्यास, तो पुन्हां अंगावर चढवूं नये.

ही पाहणी वापरणारानें दर वेळीं करावयाची. शिवाय जाणत्या माणसाची सविस्तर तपासणी युरोपीय मानकाप्रमाणें १२ महिन्यांतून निदान एकदां झाली पाहिजे. ब्रिटनमधील मार्गदर्शनांत हा अवधि ६ महिन्यांचा, व कठीण कामांत ३ महिन्यांचा सुचविलेला आहे. प्रत्येक पट्ट्यास वहींत स्वतंत्र पान असावें. त्यावर पट्ट्याचा क्रमांक, बनावटीची व पहिल्या वापराची तारीख, तपासणीचा दिवस, आढळलेले दोष, निर्णय, तपासणाराची सही आणि पुढील तपासणीची तारीख असावी. नापास पट्टा कोपऱ्यांत न टाकतां कापून टाकावा. नाहींतर घाईच्या दिवशीं कोणी तरी तो पुन्हां बांधतोच.

"रोज पाहतों" या शब्दांत कोणता पट्टा, कोणीं व केव्हां पाहिला, यांपैकीं कांहींच नसतें. ज्यास खालीं सही करावयाची आहे, त्याचें बोट शिवणीवर दोनदां फिरतें.

आतां आमचा दोष सांगतों. सर्वांत स्वस्त दर मंजूर करणाऱ्या सभेंत आम्हीहि हात वर केला होता. रंगाची जात, हातांची संख्या, हमीची मुदत, सारें आम्हीं विचारलें होतें; भिंतीवर लोंबकळणाऱ्या माणसाच्या पट्ट्याविषयीं एक अक्षरहि विचारलें नव्हतें. लोणच्याच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी लावणाऱ्या घरांतून हें घडावें, याची आम्हांस लाज वाटली.

त्या दिवशीं काम थांबलें. दोन दिवसांनीं नवे पट्टे आले, आणि त्यांच्याबरोबर एक कोरी वही. पहिलें पान मुकादमानें भरलें. काकूंनीं तें चष्मा लावून वाचलें आणि मगच रंगारी खिडकीबाहेर उतरला. आपल्या घरीं रंगाचें वा टांकीचें काम निघेल, तेव्हां दर ठरविण्यापूर्वीं वाचकांनीं ही वही मागावी, एवढीच विनंती.