वाक्याचा कर्ता कोण?

दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात दोन वाक्ये इतक्या सहजपणे येतात की त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही. पहिले : 'भारत दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढला.' दुसरे : 'गोवा तटस्थ राहिला.' व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष आहेत. इतिहासदृष्ट्या दोन्ही दिशाभूल करणारी आहेत, आणि ती दिशाभूल क्रियापदात नसून कर्त्यात आहे. लढण्याचा निर्णय भारताने घेतला नव्हता. तटस्थ राहण्याचा निर्णय गोव्याने घेतला नव्हता. ज्याने निर्णय घेतला त्याचे नाव वाक्यातून वगळायचे आणि ज्याच्यावर तो लादला गेला त्याला कर्त्याच्या आसनावर बसवायचे, ही साम्राज्यांच्या दप्तरातील लेखनपद्धती आहे. आपण ती स्वातंत्र्यानंतरही निष्ठेने चालवीत आहोत.

उळवीसारख्या गावातून पाहिले म्हणजे या लेखनपद्धतीतील विसंगती लपत नाही. चन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे सर्वपरिचित असलेले हे गाव आज जोयडा तालुक्यात आहे. त्या काळी हा सुप्याचा प्रदेश मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा जिल्ह्यात मोडत असे. पश्चिमेकडे सह्याद्रीची रांग ओलांडली की पोर्तुगीजांचा गोवा लागे. रांगेच्या दोन्ही अंगांना कोकणी-मराठी बोलणारी माणसे राहत होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, केंद्रीय कायदेमंडळाचे मतही न घेता, भारत युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. रांगेच्या अलीकडचा शेतकरी त्या दिवशी जर्मनीचा शत्रू झाला. पलीकडचा शेतकरी मात्र कोणाचाच शत्रू झाला नाही, कारण लिस्बनमध्ये सालाझार यांनी तसे ठरविले होते. या दोघांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. मग एकाला 'लढणारा' आणि दुसऱ्याला 'तटस्थ' म्हणण्यात कोणते सत्य सांगितले जाते?

यावर असे म्हटले जाईल की हे सर्वांना ठाऊकच आहे. 'भारत युद्धात ओढला गेला' असेही आपण लिहितोच. लिहितो खरे. पण कर्मणी प्रयोगाने प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. त्या वाक्यात ओढणारा अदृश्य होतो आणि ओढल्या गेलेल्या माणसाला काही मतच नव्हते असा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मते होती, आणि ती परस्परांशी झगडत होती. १४ सप्टेंबर १९३९ रोजी वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने नाझी आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला आणि त्याच ठरावात अशी भूमिका घेतली की ज्या लोकशाही स्वातंत्र्यासाठी युद्ध चालू असल्याचे सांगितले जाते, तेच आपल्याला नाकारले जात असेल तर या युद्धाशी आपला संबंध असू शकत नाही. मुंबईतील खेर मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला. सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले. रशियावर हल्ला झाल्यानंतर कम्युनिस्टांनी यालाच लोकयुद्ध म्हटले. सुभाषबाबू विरुद्ध गटाकडे गेले. यांपैकी कोणाचे बरोबर होते याचा वाद अवश्य घालावा. परंतु 'भारत लढला' या दोन शब्दांत हा सारा वादच गडप होतो, त्याचे काय?

सातारा जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. या जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या जवान सैन्यात जात राहिले. त्याच जिल्ह्यात १९४३ पासून नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. एक जिल्हा, एकच काळ. यातला कोणता सातारा 'भारत' या कर्त्यात बसवायचा?

सैनिकांचा विषय निघाला की शौर्याचा दाखला पुढे केला जातो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. बेळगाव हे ज्यांचे प्रशिक्षणकेंद्र, त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी एरिट्रियातील केरेनपासून इटलीपर्यंत लढाया केल्या. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणले. हे शौर्य त्यांचे आहे, पूर्णपणे त्यांचेच. म्हणूनच ते साम्राज्याच्या खात्यावर किंवा 'दोस्त राष्ट्रांतील एक राष्ट्र' या काल्पनिक कर्त्याच्या खात्यावर जमा करणे हा त्यांचा गौरव नसून अपहार आहे. सुमारे २५ लाख भारतीय त्या सैन्यात होते. पगारासाठी, घरच्या परंपरेमुळे, कर्जापायी, साहसापायी ते गेले. त्या प्रत्येक कारणाला इतिहासात जागा हवी. नाझीवादाचा पराभव होणे आवश्यक होते, हेही निर्विवाद. पण आवश्यक युद्ध आणि स्वेच्छेचे युद्ध एकच नव्हेत.

आता गोव्याच्या तटस्थतेकडे वळू. मुरगाव बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज आश्रयाला होते. पाणबुड्यांना येथून गुप्त संदेश जातात असा ब्रिटिशांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी राखीव दलातील ब्रिटिशांच्या तुकडीने 'एरेनफेल्स' जहाजावर छापा घातला. त्याचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडविली. त्याच बंदरात, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, 'ग्रिप्सहोम' आणि 'तेइया मारू' या जहाजांवरून आणलेल्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी सुमारे दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. मार्चमध्ये पायदळी तुडविलेली तटस्थता ऑक्टोबरमध्ये सर्वांच्या सोयीची ठरली. छाप्यावर १९८० मध्ये इंग्रजी चित्रपट निघाला, आणि आपल्याकडेही या घटनेची आठवण निघाली तर बहुधा त्याच्या आधारे निघते.

पोर्तुगालची तटस्थता वसाहतीतील प्रजेचे रक्षण करीत होती असे ज्यांना वाटते, त्यांनी तिमोरकडे पाहावे. तेही पोर्तुगीज, तेही 'तटस्थ'. डिसेंबर १९४१ मध्ये तेथे डच-ऑस्ट्रेलियन फौजा उतरल्या, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आले, आणि युद्ध संपेपर्यंत अंदाजे ४० ते ७० हजार तिमोरी माणसे मेली. गोवा वाचला तो भूगोलामुळे. ज्या गोव्यात सभेला व छापण्याला परवानगी लागे, जेथे १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेत बोलू पाहणाऱ्या लोहियांना अटक झाली, त्या गोव्याने जागतिक राजकारणात भूमिका घेतली असे म्हणणे हा क्रूर विनोद आहे.

मग लिहावे कसे? ब्रिटिश सरकारने भारताला युद्धात उतरविले. सालाझार यांनी गोव्याला तटस्थ ठेवले. भारतीयांपैकी कोणी भरती झाले, कोणी तुरुंगात गेले, कोणी भूमिगत झाले, आणि १९४३ च्या बंगालमध्ये लाखो लोक दुष्काळात मेले. वाक्य लांबते, त्याचा डौल जातो, एका कर्त्याच्या जागी अनेक येतात. इतिहासाला हे सोसलेच पाहिजे. भाषेची सेवा करणाऱ्यांनी तर याबाबत अधिक दक्ष असावयास हवे. कारण आजही कोठे युद्ध पेटले की 'अमुक देशाने ठरविले' असे आपण क्षणात लिहून टाकतो, आणि त्या देशात कोणी ठरविले व कोणाला विचारलेच नाही, हा प्रश्न शाळकरी वाक्यपृथक्करणापुरताच उरतो.