आधीचं काम का सोडलं?



ट्रान्सपोर्टवाल्याच्या हापिसात ड्रायव्हरची जागा मागायला गेलो होतो. खिशात जड वाहनाचं लायसन, हातात मॅट्रिकचं सर्टिफिकेट, खांद्यावर गोदीतल्या गोण्यांचे घट्टे. मुनीमानं लायसन उलटंपालटं केलं आणि एक कागद पुढं सरकवला. त्यात रकाना : 'पूर्वीचे काम सोडण्याचे कारण.' रकाना बोटभर. आमची कारणं ट्रकभर.

बाकड्यावर बसलेला म्हातारा ड्रायव्हर कानाशी लागला, "पोरा, 'घरगुती अडचण' लिही. समदे तेच लिवतात."

का लिहायचं? घरात कसली अडचण होती? अडचण मालकाच्या डोक्यात होती. गोदामातलं काम सोडलं, कारण आडनाव कळताच माझा पाण्याचा पेला वेगळा झाला. टेम्पो सोडला, कारण रात्रभर गाडी हाणल्यावर सकाळी पुन्हा खेप, तीही जादा वजनाची. नाही म्हटलं, तर "उद्यापासून येऊ नको." आता 'घरगुती अडचण' लिहिली की मालकाचं पाप आपल्याच आईबापाच्या माथी!

1917 साली बाबासाहेब परदेशात शिकून येऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जात कळली तशी काठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. शहरात कुठं छप्पर मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. या मुनीमानं त्यांच्यापुढं हा कागद ठेवला असता तर? घरच मिळालं नव्हतं, तिथं घरगुती अडचण कुठली? त्यांनी ते लपवलं नाही. स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, खरं लिहून चूल पेटत नाही. कबूल. म्हणून शिवी लिहू नका. तारखा बरोबर टाका, कारण एका ओळीत लिहा. 'विश्रांती न देता पुन्हा गाडी चालवण्यास सांगितले, नकार दिला.' 'जादा वजन भरले, नकार दिला.' 'पिण्याच्या पाण्यात भेद केला, काम सोडले.' घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, तर ती पाळणाऱ्याची लाज आपण का वाहायची?

मोटार कामगारांच्या 1961 च्या कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. कुठल्या हायवेवर दिसले कुणाला? 2019 च्या दुरुस्तीनं जादा वजनाला 20,000 रुपये दंड लावला, वरच्या दर टनाला आणखी 2,000. पण रस्त्यावर पकडला जातो तो ड्रायव्हर. मालक घरी झोपलेला असतो. डुलकी लागून कुणी मेलं, तर पहिली बेडी आपल्याच हातात. मग नकार देणारा ड्रायव्हर बिनकामाचा कसा? तो आपला नि रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचवतो. हे वाचून जो मालक कागद परत करील, तो आपल्याला कसल्या गाडीवर बसवणार होता ते आधीच समजलं म्हणायचं.

मी खरं लिहिलं. मुनीम म्हणाला, "कळवतो."

मी विचारलं, "शेठ, याआधीचा ड्रायव्हर का सोडून गेला?"

त्यानं मान वर केली नाही.

उद्या गोदीत पाळी आहे. परवा दुसऱ्या हापिसात जाणार, तिथंही हेच विचारणार. एकट्यानं विचारलं की माणूस उर्मट ठरतो. नाक्यावरच्या सगळ्यांनी विचारलं, तर मालकालाही एक रकाना भरावा लागेल.